अकरा नारळ आणि पिन्हासकाकांचा कागद

डिमोनात आमच्या ब्लॉकमध्ये घड्याळ, रेडिओ, शिवणयंत्र किंवा नवरा यांपैकी काहीही बिघडलं की बायका पिन्हासकाकांना हाक मारायच्या. पहिल्या तीन वस्तू ते दुरुस्त करून द्यायचे. चौथीला चहा पाजून आहे तशी परत पाठवायचे.

पिन्हास वाकरूळकर मुंबईच्या गिरणीत लूम-फिटर, म्हणजे कापडाचे माग दुरुस्त करणारे, होते. चौसष्ट साली बायको-मुलीला घेऊन इस्रायलला आले आणि इथल्या कापडाच्या कारखान्यातही लूमच्या पोटात हात घालायचंच काम करू लागले. देश बदलला, यंत्राच्या शिव्या त्याच राहिल्या, असं ते म्हणत. वर्षातले अकरा महिने त्यांच्याइतका समंजस माणूस सगळ्या नेगेव्हच्या वाळवंटात सापडला नसता. बारावा महिना मात्र कुठल्या वर्षी येईल आणि काय घेऊन येईल, याचा नेम नसे.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तो आला तो नवस घेऊन आला. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू लोकांत संकट टळावं म्हणून एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोलतात, आणि टळलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, पाच फळं, दहा पुरुष आणि गाणं. चांगली चाल आहे. पण नवस ज्याचा त्याने बोलायचा असतो. पिन्हासकाकांनी त्या उन्हाळ्यात झोप सोडली आणि सगळ्या गल्लीच्या वतीने नवस बोलायला घेतले. मोरोक्कोवाल्या शेजाऱ्याच्या बकरीसाठी एक, रुमानियन वाण्याच्या गुडघ्यासाठी एक, नळाला पाणी यावं म्हणून एक, पाणी आल्यावर ते जाऊ नये म्हणून आणखी एक. दोन आठवड्यांत सदतीस झाले. सिम्हाकाकी, म्हणजे त्यांची बायको, कारखान्यात "ताप आहे" म्हणून निरोप पाठवत राहिली, दाराला आतून कडी लावत राहिली, आणि कोणी विचारलंच तर हसून विषय बदलत राहिली. तीन आठवडे तिने हे निभावलं.

मग एका दुपारी कडी लावायची राहिली. काका पायजम्यावर, अनवाणी, बसस्टँडवर गेले आणि बेअर शेव्हाची बस अडवून उतारूंना खोबऱ्याच्या फोडी वाटू लागले. काकीचा भाऊ मेनाशे नागावकर तिथेच उभा होता. मेनाशेमामा मुंबईला रेल्वेत क्लार्क होते आणि अजूनही आहेत असं त्यांना वाटतं. त्यांनी पोलिसांना फोन केला. दोन पोलिसांनी काकांना बखोटीला धरून जीपमध्ये घातलं. अदिना, काकांची एकुलती मुलगी, तेव्हा शाळेतून घरी येत होती. जीप तिच्यासमोरून गेली.

कुठल्याशा दूरच्या इस्पितळात त्यांना एक इंजेक्शन दिलं, त्यानं मान एका बाजूला वळून बसली. तुम्हाला काय चालतं, काय चालत नाही, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकांनी तेव्हा एखादा नवसच सांगितला असता, हेही खरं. दोन महिन्यांनी घरी आले, आणि पुढचे तीन महिने काही बोलले नाहीत. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले,

"बूट तरी घालू द्यायचे होते."

बस, एवढंच.

पुढे बेअर शेव्हाला डॉक्टर झेहावा भेटल्या. रुमानियाकडच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लिथियम सुरू केलं. हा एक प्रकारचा क्षार आहे हे कळल्यावर काका म्हणाले, "घ्या! अख्खा मृत समुद्र शेजारी पडलाय, आमचे निम्मे लोक तिथलं मीठ उपसायला जातात, आणि मला चिमूटभर मिठासाठी चिठ्ठी लागते." पण गोळी चुकवली नाही. माणूस रुळावर आला.

रुळावर आलेल्या माणसानं गप्प बसावं की नाही? चौऱ्याहत्तर साली, सणाच्या सुट्टीत, काका माझ्या खोलीवर आले. मी खालच्या मजल्यावर राहतो, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतो, आणि मराठी-हिब्रू दोन्ही बऱ्यापैकी लिहितो. तेवढ्यावर अख्ख्या ब्लॉकचे अर्ज माझ्या माथी असतात.

"लिही," काका म्हणाले.

"कोणाला अर्ज?"

"अर्ज नाही. कार्ड. प्रत्येक लूमला कार्ड टांगलेलं असतं, माहितेय? अडकला तर आधी कुठला दांडा ओढायचा, कशाला हात लावायचा नाही, कोणाला बोलवायचं. लूम अडकल्यावर स्वतः सांगू शकत नाही, म्हणून चालू असताना लिहून ठेवायचं. मला का नको?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी कागद घेतला.

दोन संध्याकाळी लागल्या. मुख्य गोष्ट अशी होती की मी पुन्हा तसा झालो तर मला न्या, पण माझ्या पद्धतीने न्या. पोलीस नकोत. शेजारच्या यिगालच्या टॅक्सीतून, पुढच्या सीटवर, पायांत बूट. मेनाशे टॅक्सीत नको. डॉक्टर झेहावाच हव्यात. ते मानेचं इंजेक्शन नको. गोळ्या वाढवल्या तर चालेल. चहात पुदिना घालू नये, आलं घालावं. इथे मी म्हटलं, "काका, हे इस्पितळाला कशाला?" तर म्हणाले, "तू पुदिन्याचा चहा पिऊन दोन महिने काढून बघ."

मग खुणा. झोप तीन तासांवर आली तर, दुसऱ्याचे नवस बोलू लागलो तर, आणि एका वेळी दोनापेक्षा जास्त नारळ घरात आले तर समजावं.

"आणि लिही, मी म्हणेन, मला काही झालेलं नाही. ऐकू नये. कागद फाडा म्हणेन. फाडू नये."

"आणि काकी?"

"सिम्हाला दया येईल. ती माझ्यासाठी खोटं बोलेल. पहिल्या दिवशी तिचंही ऐकू नये. तिसऱ्या दिवशी ऐकावं."

कागदाची हिब्रू प्रत घेऊन आम्ही डॉक्टर झेहावांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, घडी घातली आणि काकांच्या हातात परत ठेवलं. "कायद्यात असं काही नाही. माझ्यासमोर जो माणूस येईल त्याला मी तपासते, त्याच्या कागदाला नाही. आणि बरा असताना कोणीही काहीही लिहितो, आदोन पिन्हास. आजारी पडल्यावर पाळतो का, ते बघायचं." इथे आदोन म्हणजे श्रीयुत. आदराने नाही म्हणायचं असलं की वापरतात.

घरी आल्यावर हे मेहुण्याच्या कानावर गेलं. आणि मग मेनाशेमामांनी ती चूक केली जी जगात फक्त आमचेच लोक करू शकतात. ते म्हणाले, "डॉक्टरीण मानत नाही कारण साक्षीदार नाहीत. रीतसर करू. दहा पुरुष जमवा, मलिदा करा, कागद वाचून दाखवा, सगळ्यांनी सह्या करायच्या. मग बघू कोण मानत नाही!"

झालं. एका माणसाची खासगी गोष्ट शनिवारी संध्याकाळी मशिदीत वाचली गेली. (सिनेगॉगला आमची जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात.) वाचणारा मी, आणि मराठी-हिब्रू दोन्ही प्रतींवर दहावा सही करणाराही मी. पहिली सही मेनाशेमामांची, इतकी ऐसपैस की त्यांना टॅक्सीत घेऊ नये हे कलम तिच्या शेपटाखाली अर्धं झाकलं गेलं. आणि दहा जणांसमोर जे झालं ते दहाही जणांवर बंधनकारक, हे आमच्या हाडात आहे. त्या दिवसापासून दहा माणसं पिन्हासकाकांवर डोळा ठेवून राहू लागली. बाजारात भेटले की आधी पिशवीकडे बघायचे, मग तोंडाकडे.

"शालोम काका, काय घेतलंत?"

"वांगी. उघडून दाखवू?"

हे दोन वर्षं चाललं. मग शहात्तरच्या वसंतात अदिनाचं लग्न ठरलं. मुलगा अश्केलोनचा, स्वभावाने गरीब, उंचीने फार. मंगळवारी लग्न, रविवारी मलिदा आणि मेंदी. आणि त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी मेनाशेमामांनी पिन्हासकाकांना बाजाराच्या बसमधून उतरताना पाहिलं. खांद्यावर गोणी. ती खाली टेकली तेव्हा मामांनी वाकून, चाचपून नारळ मोजले.

अकरा.

अकरा वाजता काकांच्या बैठकीत नऊ पुरुष, शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या सुट्टीचे, पांढरे सदरे घालून, मढ्यावर आल्यासारखे बसले होते. मी दहावा. यिगाल टॅक्सी खाली चालूच ठेवून आला होता. गोणी मध्ये जमिनीवर.

काका स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात खवणी. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही, पिन्हास," मेनाशेमामा हळू आवाजात म्हणाले. पोरांशी आणि आजाऱ्यांशी बोलायचा तो आवाज. "तू जरा बस. बरं वाटतंय ना?"

काकांनी गोणीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग त्यांच्या लक्षात आलं. "अरे, हे लग्नाचे आहेत! रविवारच्या मलिद्याचे! मला काहीएक झालेलं नाही!"

बैठकीत कोणीतरी सुस्कारा टाकला. मेनाशेमामांनी खिशातून कागदाची मराठी प्रत काढली, चष्मा लावला. "मी म्हणेन, मला काही झालेलं नाही. ऐकू नये."

"कोणत्या गाढवानं लिहिलंय हे?"

"तूच."

आतून सिम्हाकाकी पदराला हात पुसत आली. "दादा, वेडबीड लागलंय का तुला? मीच पाठवलं होतं त्यांना! अकरा आण म्हणून मीच सांगितलं! पाहुणे किती आहेत, ठाऊक आहे?"

मेनाशेमामांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. ते बोट वाचत होतं आणि मी मनातल्या मनात खिडकी शोधत होतो, कारण ती ओळ माझ्या अक्षरात होती. "सिम्हाला दया येईल. ती माझ्यासाठी खोटं बोलेल. पहिल्या दिवशी तिचंही ऐकू नये."

काकीनं हे कलम आजवर ऐकलं नव्हतं. बायका त्या दिवशी मशिदीत मागे बसल्या होत्या आणि मागे काय ऐकू येतं? ती नवऱ्याकडे वळली.

"मी खोटं बोलेन?"

"अगं, ते... ताप आहे म्हणून सांगितलं होतंस ना, तेव्हा."

"ते तुमच्यासाठी!"

"तेच तर लिहिलंय."

पुढची दोन-तीन मिनिटं काका शहाणे की वेडे हा प्रश्न मागे पडला आणि ते जिवंत राहतात की नाही हा पुढे आला. अदिना दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिब्रूतच. फक्त घाबरली की मराठी येतं. ती म्हणाली, "आबा, जाऊ नका. परवा अश्केलोनची माणसं येतील. तुम्ही तिथे असाल तर मी काय सांगू?"

नऊच्या नऊ जणांना घरी जायचं होतं. एक जण उठलाही. तेव्हा काकांनी एक हात वर केला. लूम थांबवताना फिटर करतो तसा.

"थांबा." ते खुर्चीवर बसले, खवणी मांडीवर. "समजा मी आज नाही म्हटलं. शहाणा आहे म्हणून नाही म्हटलं. पुढच्या वेळी वेडा असेन तेव्हाही मी हेच म्हणणार. अगदी असाच बसून, अशाच आवाजात. तेव्हा तुम्ही म्हणाल, मागच्या वेळी सोडलं होतं, याही वेळी सोडू. मग परत जीप." त्यांनी अदिनाकडे पाहिलं. "तुला सांगायचंय ना काही? सांग, बाप डॉक्टरकडे गेलाय, दुपारपर्यंत येतो."

"आणि आला नाहीत तर?"

"तर डॉक्टरीण माझ्यापेक्षा हुशार." मग काकीला म्हणाले, "बूट आण."

काकीनं बूट आणले आणि जवळजवळ फेकलेच. पॉलिश मात्र केलेलं होतं.

टॅक्सीत काका पुढे, मागे काकी आणि मी. मेनाशेमामा खालपर्यंत आले, दाराला हात घातला. काकांनी काच खाली केली. "कलम बघ. तुझ्या सहीखाली आहे."

शुक्रवार, संध्याकाळी शब्बाथ लागणार, त्यामुळे डॉक्टर झेहावा घरी निघायच्या बेतात होत्या. काकांनी टोपी काढली. "डॉक्टर, मी बरा आहे. पण कागदाप्रमाणे आलोय."

"बरा माणूस इस्पितळात कशाला येईल?"

"कागद बरा राहावा म्हणून."

त्यांनी पर्स परत खाली ठेवली. झोप विचारली: सात तास, घोरण्यासह, घोरण्याची साक्ष काकीने दिली, हिब्रूत, रागाने. रक्त काढलं. गोळ्या मोजल्या. आजचा वार, कारखान्यातलं काम, जावई कसा वाटतो, सगळं विचारलं. जावयाबद्दल काका म्हणाले, "उंच आहे. बल्ब बदलायला स्टूल लागणार नाही." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे.

एवढ्यात दार उघडलं. मेनाशेमामा. टॅक्सीत नको असं कलम होतं, बसमध्ये नको असं नव्हतं. खांद्यावर गोणी. पुरावा म्हणून ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. एक नारळ गडगडत जाऊन तपासणीच्या कॉटखाली शिरला.

डॉक्टरांनी गोणीत डोकावून पाहिलं. "लग्नाला किती माणसं?"

"तीनशे," काकी म्हणाली.

"अकरा पुरतील?"

"कुठले? मी पंधरा सांगणार होते."

मेनाशेमामांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही किती तास झोपता?"

"मी? मी तीन रात्री झोपलो नाहीये. याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नको?"

"बसा." त्यांनी मामांचं ब्लडप्रेशर घेतलं आणि त्या दिवशी इस्पितळातून गोळी घेऊन निघाले ते एकटे मामाच.

मग डॉक्टर झेहावांनी कागद मागितला. काकांनी दोन वर्षांपूर्वीची तीच हिब्रू प्रत, घडीवर विरलेली, पुढे केली. त्या सावकाश वाचत गेल्या. आल्याच्या ओळीपाशी थांबल्या, नारळांच्या ओळीपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मी कबूल करणार नाही. तुमच्या जिवाला धोका दिसला तर मी कागदाला विचारणार नाही."

काका म्हणाले, "तेही लिहा ना. लूमच्या कार्डावरसुद्धा लिहिलेलं असतं, आग लागली तर कार्ड वाचत बसू नये."

त्यांनी ते समासात लिहिलं, खाली सही केली, प्रत काढवून काकांच्या फाइलीत सगळ्यांत वर लावली आणि लाल पेन्सिलीने वर रेघ ओढली. कायद्यात तेव्हाही काही नव्हतं. पण साक्षीदारांत ती अकरावी सही होती.

दुपारी दोनला आम्ही परत. अदिना जिन्यात बसली होती. तिने आधी बापाचे पाय बघितले, मग म्हणाली, "बेसेदेर?" ठीक ना?

"बेसेदेर. मामाला विचार, त्याचं ठीक नाही."

रविवारचा मलिदा झाला, अश्केलोनची माणसं आली, नारळ खरंच कमी पडले. कॉटखालचा तर राहूनच गेला. मेनाशेमामांनी नवीन कलम सुचवलं, लग्नाचे नारळ मोजू नयेत. ते मंजूर झालं. काकीने आणखी एक घातलं, सिम्हा खोटं बोलत नाही. ते काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, बारीक अक्षरात, पण लिहिलं.

आता खरी गोष्ट. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात, पुरीमचा सण झाल्यावर, काकी एका सकाळी माझ्या दारात आली. "नारळ एकही नाही," ती म्हणाली, "पण आहे."

होतंच. काकांनी चार दिवसांत आठ तास झोप घेतली होती आणि मृत समुद्र पाइपाने वर आणून डिमोनात बंदर करण्याचा नकाशा भिंतीवर काढला होता. आम्ही दहा जणांना नाही बोलावलं. यिगाल, काकी आणि मी. मेनाशेमामा गोळी घेऊन घरी बसले, आणि हे त्यांच्याकडून झालेलं सगळ्यांत मोठं काम.

"मला काही झालेलं नाही!" काका ओरडले. "तुम्ही सगळे मेनाशेचे हेर! तो कागद खोटा आहे, सही माझी नाही, फाड तो!"

मी अकरा नारळांच्या दिवशीचा चेहरा आठवत होतो. वाक्य तेच होतं. आवाज मात्र तो नव्हता. अशाच आवाजात म्हणेन, हे काकांचं एक भाकीत चुकलं होतं.

काकी वाद घालत बसली नाही. तिने बूट आणले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर जोडीने ठेवले. पॉलिश केलेले.

काका बुटांकडे बघत राहिले. नकाशाकडे, मग परत बुटांकडे. "हे त्या पिन्हासनं ठेवायला सांगितलेत ना?"

"हो."

"शहाणा समजतो स्वतःला."

"हो."

"त्याला सांग, मी त्याच्यासाठी जातोय. तुमच्यासाठी नाही."

आणि आम्हा तिघांना, कारखान्याला, रुमानियाला आणि मृत समुद्राला मुंबईच्या गिरणीतल्या शिव्या घालत घालत त्यांनी नाड्या बांधल्या. दोन्ही बुटांच्या, दुहेरी गाठ. मग खाली उतरून, कोणी दार उघडायच्या आत, स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. काकी मागे बसली. तिच्या मांडीवर पिशवी होती, आणि टॅक्सीभर आल्याचा वास.